अर्थ बोलण्याच्या दोन पाळ्यांच्या मधे असतो

प्रिय मित्रा,

संभाषणाचा अभ्यास करायचा म्हणून तू शब्दांच्या याद्या करायला बसलास, हे वाचून लगेच लिहायला घेतलं. याद्या ठेव बाजूला. माणूस काय बोलला याच्या जोडीला ते केव्हा बोलला आणि समोरच्याने त्याचं काय केलं, हे बघ.

"रविवारी येतोस का?" याला होकार बहुधा झटकन येतो. नकार रेंगाळतो. आधी क्षणभर गप्प, मग "अं...", मग "तसं यायचं होतं रे", मग कारण. "नाही" कित्येकदा उच्चारलंच जात नाही. उलट "अं" ऐकताच विचारणाराच "नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात ये" म्हणून मोकळा होतो. नकार दोघांनी मिळून दिला की!

बोलण्यातल्या या थांबण्याच्या जागा किती बारीक असतात बघ. 2009 साली 10 भाषांतल्या प्रश्नोत्तरांची तुलना झाली, तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. एक शब्द मनात जुळवून तोंडाबाहेर काढायलाच साधारण 600 मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजत असतं. म्हणूनच अर्ध्या सेकंदाची शांतताही कानाला खटकते.

संभाषणाच्या अभ्यासाचा पाया घालणारे समाजशास्त्रज्ञ हार्वे सॅक्स यांनी 1964 च्या सुमारास मानसोपचार रुग्णालयात आलेले फोन तपासले. कर्मचारी आपलं नाव सांगून मदत विचारायचा, आणि पलीकडचाही बहुधा नाव सांगायचा. एका फोनवर मात्र उत्तर आलं, नीट ऐकू येत नाही. कर्मचाऱ्याने नाव पुन्हा सांगितलं, पलीकडच्याने ते फक्त उच्चारून बघितलं, आणि स्वतःचं नाव सांगायची जागा तेवढ्यात निघून गेली. ऐकू येत होतं की नव्हतं, हा प्रश्नच गौण. त्या जागी त्या वाक्याने काम काय केलं, ते महत्त्वाचं.

म्हणून उतारा, म्हणजे रेकॉर्ड केलेलं बोलणं जसंच्या तसं लिहून काढलेलं, वाचताना दुसरी पाळी आधी वाच. पाळी म्हणजे एकाने आपल्या वेळेला बोललेलं. "कुठे चाललास?" यावर "का, काही आणायचंय?" आलं, तर ऐकणाऱ्याने ती विनंतीची सुरुवात मानली. चुकलं असेल तर तिसऱ्या पाळीत दुरुस्ती सापडेल: "नाही रे, सहज विचारलं." बोलणाऱ्याच्या मनात काय होतं याचे तर्क तू करत बसू नकोस, त्यात भले भले फसतात.

आता कामाचं. आधी सगळ्यांची संमती घे. आवाज आला की आपोआप सुरू होणारं रेकॉर्डिंग बंद ठेव, नाहीतर शांतताच कापल्या जातील. उतारा दोनच मिनिटांचा घे; मिनिटाला तासभर सहज जातो. सॅक्स यांच्या सहकारी गेल जेफरसन यांनी उताऱ्यासाठी ठरवलेल्या खुणा वापर: गोल कंसात सेकंदाच्या दशांशात शांतता, 0.2 पेक्षा कमी असेल तर कंसात नुसता बिंदू. दोघं एकदम बोलले तिथे चौकोनी कंस. स्वर लांबला तिथे विसर्गासारखे दोन बिंदू. देवनागरीत हे बिंदू खऱ्या विसर्गात मिसळतात, तेव्हा लांबलेल्या स्वरापुढे दोन-तीन वेळा टाक. आणि "अं", "हं", अर्धवट तुटलेले शब्द काही गाळू नकोस. लिहिताना हात आपोआप भाषा स्वच्छ करतो, आणि नेमका पुरावाच पुसला जातो. यंत्राने लिहून काढलेल्या उताऱ्यातही बऱ्याचदा हेच होतं.

उतारा झाला की ध्वनिफितीसकट पाठव. नुसत्या कागदावरून मला काही सांगता यायचं नाही.

तुझा,
मित्र