पाहुण्याच्या हाती किल्ली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान गावांतल्या ऐतिहासिक स्थळांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. प्रत्येक जुन्या दाराशी पगारी माणूस बसवणे छोट्या गावाला परवडत नाही आणि म्हणून वास्तू कुलूपबंदच राहतात, हे लेखकाचे म्हणणे पटले. त्यावर ‘ध्वनिप्रकाश कार्यक्रम’ हा त्यांनी सुचवलेला उपाय मात्र पटला नाही.

मुलाकडे ॲडलेडला गेलो असताना तिथून उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवरचे बरा हे गाव पाहिले. (नाव ‘बरा’ असले तरी गाव बऱ्यापैकी नव्हे, चांगलेच आहे.) १८४५ मध्ये इथे तांबे सापडले, खाण १८७७ पर्यंत चालली. आता माहिती केंद्रात पैसे भरले की नकाशासह एक पुस्तिका आणि एक किल्ली मिळते. गावातल्या अनेक बंद जागांना तीच लागते. आपणच कुलूप काढायचे, पाहायचे, पुन्हा लावायचे आणि पुढे जायचे. १८५६ च्या तुरुंगाची किल्ली आपल्याच खिशात, ही गंमत काही औरच!

मला सर्वांत धरून ठेवले ते ओढ्याकाठच्या बिळांनी. दुसरा शब्द सुचत नाही. घरे अपुरी पडल्याने खाणकामगारांनी ओढ्याच्या दरडीत खोल्या कोरून संसार थाटले होते. १८५१ मध्ये तिथे सुमारे १,८०० माणसे राहत होती. त्याच वर्षी पुरांनी त्यांना बाहेर काढले. आज त्यातली दोनच घरे उरली आहेत. तिथे आम्ही दोघेच होतो. माहिती सांगणारे कोणी नव्हते आणि त्याची उणीवही भासली नाही.

वारसास्थळे जपण्याची ‘बरा सनद’ १९७९ मध्ये याच गावात स्वीकारली गेली. आवश्यक तेवढाच आणि शक्य तितका कमी बदल करावा, हे तिचे सूत्र. ध्वनिप्रकाशवाल्यांनी ती जरूर वाचावी.

किल्ली दिली तर लोक भिंतींवर नावे कोरतील, अशी शंका येईल. कोरणारे कुलूप असतानाही कोरतातच. कुलपामुळे अडतो तो नीट पाहणारा.

एक विनंती. पुढच्या पुरवणीत हॉटेलांच्या यादीशेजारी, कोणत्या वास्तूची किल्ली कोणाकडे मागावी, तेही छापावे.

आपला,
एक नियमित वाचक