वीज गेल्यावर तळघरात किती पाणी उतरते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाणखान्यात प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा फिशटँक आणि त्याचा संप (टँकचे पाणी जिथे उतरते आणि पंपाने परत वर जाते ती खालची टाकी), प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातला मळ काढणारे यंत्र), चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) खाली तळघरात, ही मांडणी मुंबईतल्या बंगल्यांना आणि रो-हाऊसना फार सोयीची आहे. चिलरची गरम हवा आणि स्किमरची घरघर वर येत नाही. मात्र ही नळजोडणी गच्चीवरच्या टाकीसारखी करून चालत नाही, आणि नेमके तेच होताना दिसते. पावसाळा तोंडावर आहे म्हणून हे पत्र.

पहिला हिशेब वीज जाण्याचा. ४ बाय २ फुटांच्या टँकमध्ये पातळी १ सेंटिमीटर उतरली की सुमारे ७ लिटर पाणी कमी होते. रिटर्न पाइपचे, म्हणजे संपमधले पाणी वर टँकमध्ये आणणाऱ्या पाइपचे, तोंड टँकच्या पाण्याखाली ५ सेंटिमीटर असेल, तर पंप थांबताच सायफन (पाइपातून पाणी आपोआप खाली ओढले जाणे) उलटा फिरतो आणि ३५ लिटरच्या वर पाणी खाली येते. ओव्हरफ्लोच्या कप्प्यातले (टँकचे वरचे पाणी त्यात पडून खाली जाते) आणि पाइपांतले धरले तर आकडा ५५ लिटरपर्यंत सहज जातो. एवढी जागा संपमध्ये कायम रिकामी हवी. प्लंबर म्हणतात, ‘एनआरव्ही लावतो, काळजी नको.’ त्यावर, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर, विसंबू नका. त्याच्या झडपेवर चुनखडीचा थर चढतो, एखादी गोगलगाय अडकते आणि झडप अर्धवट उघडी राहते. रिटर्नचे तोंड पृष्ठभागापासून दीड-दोन सेंटिमीटरवरच ठेवा, पातळीच्या किंचित खाली पाइपला ३ मिलिमीटरचे भोक पाडा (पाणी उतरताच त्यातून हवा शिरून सायफन तुटतो) आणि शेवाळाने बुजणारे ते भोक दर महिन्याला काडीने साफ करा. मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर यंत्रणा चालवून पंपाचा प्लग काढून पाहा. पाणी खाली येऊनही संप काठोकाठ भरत नसेल, तर चालू स्थितीतल्या पातळीची रेघ काचेवर मारून ठेवा. त्या रेघेच्या वर पाणी कधीही भरू नये.

टँकमधून संपमध्ये खाली येणारे पाइप तीन हवेत. पहिला पूर्ण भरून वाहणारा. त्याला संपजवळ गेट व्हॉल्व्ह लावा, कारण बॉल व्हॉल्व्हने बारीक प्रवाह जुळत नाही. त्याचे तोंड संपमध्ये दोन-तीन सेंटिमीटरच बुडवा. जास्त बुडवले तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन सुरूच होत नाही. दुसऱ्यातून बारीक धार वाहते. तिसरा कोरडा, बिनव्हॉल्व्हचा, संपच्या पाण्याच्या वर सोडलेला: त्यातून पाणी पडल्याचा आवाज आला की पहिला तुंबला असे समजावे. वळणाला काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड वापरा.

पंप घेताना संपच्या पाण्यापासून टँकच्या पाण्यापर्यंतची उंची मोजा. एक मजला आणि स्टँड धरून ती ४ मीटरच्या आसपास भरते. खोक्यावर कमाल हेड (पंप पाणी चढवू शकतो ती उंची) ४ मीटर छापलेला पंप त्या उंचीला थेंबभरही पाणी चढवत नाही. ७-८ मीटर हेडचा घ्या आणि त्या उंचीला तो किती लिटर देतो, हे आलेखावर पाहा.

सगळ्यात घातक चूक पितळेची. पांढऱ्या यूपीव्हीसी फिटिंगच्या आत पिवळी आटेदार कडी चमकते, ती नीट पाहा. नळाला आटे टिकावेत म्हणून प्लंबर सवयीने तीच आणतात. खाऱ्या पाण्यात तिच्यातले तांबे विरघळते. आधी कोळंब्या आणि गोगलगायी मरतात, मग प्रवाळ मिटू लागतात, आणि मालक पाण्यातले मीठ तपासत बसतो. सगळे आटे प्लास्टिकचेच हवेत, टेफ्लॉन टेप लावून हाताने आवळलेले. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) लावा, म्हणजे सफाईसाठी पाइप कापावा लागत नाही.

तळघराचे काय होते हे २६ जुलै २००५ ने दाखवले; सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. संप ओट्यावर ठेवा, प्लगबोर्ड छातीच्या उंचीवर घ्या, वायरला खाली झोळ द्या म्हणजे ओघळ बोर्डात शिरणार नाही, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा. स्लॅबला भोक पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरची लेखी परवानगी घ्या. कोअर कटिंग (यंत्राने गोल भोक पाडणे) तुळईत कधीच नको. भोकात मोठ्या पाइपची स्लीव्ह बसवा आणि तिच्याभोवती वॉटरप्रूफिंग करा, कारण गळालेले खारे पाणी स्लॅबमध्ये मुरून लोखंडी सळ्या गंजवते.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई