कामगारांची 'नर्व्ह टेस्ट' आणि एका आकड्यावरचा शेरा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

औद्योगिक वसाहतींतील आरोग्य तपासणी शिबिरांत रक्तदाब, साखर आणि कानांच्या तपासणीच्या जोडीला आता 'नर्व्ह टेस्ट'ही होऊ लागली आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 मध्ये ठरावीक वर्गांतील कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी मालकाने मोफत करून द्यावी अशी तरतूद असल्यामुळे अशा चाचण्या यापुढे वाढतील, असे दिसते. फाउंड्रीच्या फेटलिंग विभागात, म्हणजे ओतकामाच्या वस्तू घासून साफ करतात तिथे, पाळीभर ग्राइंडर धरणाऱ्या कामगाराच्या हाताला मुंग्या येतात का, याची कोणी दखल घेत असेल, तर ते स्वागतार्हच आहे. माझी हरकत तपासणीला नाही; एकदाच घेतलेल्या एका मोजमापावरून 'फिट' किंवा 'अनफिट' असा शेरा मारून मोकळे होण्याला आहे.

रुग्णालयात होणाऱ्या एनसीव्ही (नर्व्ह कंडक्शन व्हेलॉसिटी) चाचणीत नसेला विजेचा हलका झटका देऊन संदेश किती वेगाने आणि किती जोराने पुढे पोहोचतो, हे मोजतात. यंत्र संगणकीय असले, तरी दोन इलेक्ट्रोडमधले अंतर माणूसच टेपने मोजतो, आणि दहा सेंटिमीटरच्या अंतरात अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली की वेगात सरळ पाच टक्के फरक पडतो. त्याहून मोठी गोष्ट तापमानाची. हाताची त्वचा एक अंश सेल्सिअसने थंड झाली, तर नसेतील संदेशाचा वेग सेकंदाला साधारण दोन मीटरने कमी भरतो. म्हणूनच हाताचे तापमान किमान 32 अंश असावे, असा संकेत आहे. आता पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी दुचाकीवरून आलेला कामगार वातानुकूलित खोलीत अर्धा तास बसला आणि त्याचा हात 28 अंशांवर आला, तर 54 मीटरचा निरोगी वेग 46 च्या आसपास दिसेल, आणि बहुतेक प्रयोगशाळा 50 च्या जवळपास सीमारेषा धरत असल्याने अहवालात 'अ‍ॅबनॉर्मल' असे छापून येईल. कोमट पाण्यात हात ठेवून चाचणी पुन्हा घेतली, तर हा दोष निघून जातो. पण माझ्या पाहण्यात आलेल्या किती तरी अहवालांत त्वचेचे तापमान लिहिण्यासाठी रकानाच नव्हता.

वय आणि उंचीचेही तसेच आहे. वय वाढले की वेग उतरतो आणि उंच माणसाच्या पायातील नसेचा वेग मुळातच कमी असतो. कष्टाच्या कामाने बोटे जाड झालेली असतील, तर बोटावर चढवलेल्या कडीच्या इलेक्ट्रोडला मिळणारा संवेदनेचा संकेत बारीक दिसतो, कारण नस इलेक्ट्रोडपासून लांब असते. नस मात्र धडधाकट असू शकते. पंचविशीतल्या कारकुनाला आणि पंचावन्न वर्षांच्या मोल्डरला एकच 'नॉर्मल' लावणे म्हणूनच चूक आहे. शिवाय अहवालात दहा मोजमापे असतील आणि प्रत्येकाची सीमा निरोगी शंभरांपैकी अडीच जण बाहेर राहतील अशी आखलेली असेल, तर निव्वळ योगायोगानेच पाचांतल्या एका निरोगी माणसाचे एखादे तरी मोजमाप सीमेबाहेर पडू शकते. ही मोजमापे एकमेकांत गुंतलेली असल्याने प्रत्यक्षातले प्रमाण काहीसे कमी निघेल, एवढेच.

कार्पल टनेलच्या, म्हणजे मनगटात नस दबण्याच्या आजाराच्या बाबतीत तर याचा थेट पुरावा आहे. दक्षिण स्वीडनमधील सर्वसाधारण लोकसंख्येचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा वेदना असल्याचे 14.4 टक्के लोकांनी सांगितले, पण डॉक्टरांची तपासणी आणि विद्युत चाचणी या दोन्हींत आजार पक्का ठरलेले अवघे 2.7 टक्के निघाले. उलट, काहीच तक्रार नसलेल्या ज्या लोकांची चाचणी केली, त्यांच्यातही 18 टक्क्यांच्या मनगटातील नसेत दोष दिसला. अशा 18 टक्क्यांपैकी एखादा आपल्याकडे नोकरीपूर्व तपासणीत सापडला, तर त्याला कामावर घेणार नाही, हे उघड आहे.

चाचणी सोडून केवळ डॉक्टरांच्या हातावर विसंबावे, तर तिथेही तेच. अमेरिकेत रोचेस्टर येथील मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने बारा अनुभवी डॉक्टरांनी 24 मधुमेही व्यक्तींची स्वतंत्रपणे तपासणी केली, तेव्हा नसा बिघडल्या आहेत की नाहीत याबाबत त्यांच्या मतांत फार तफावत आढळली. फक्त निःसंशय दोषच नोंदवायचा, असे आधी ठरवून घेतल्यावर ती तफावत कमी झाली. नियम आधी ठरवले की मोजणारा बदलूनही उत्तर फारसे बदलत नाही, हे त्यातून दिसले, आणि शिबिरांत नेमके तेच होत नाही.

शिबिरातील साधने मुळातच ढोबळ असतात. स्पर्श कळतो का हे पाहण्यासाठी पायाला टेकवायचा नायलॉनचा तंतू दहा ग्रॅम दाबाला वाकावा, अशी अपेक्षा असते. सलग दहा-बारा माणसे तपासल्यावर तो ढिला पडतो, त्याला विश्रांती द्यावी लागते, आणि दमट हवेतही त्याचा दाब बदलतो. एकाच तंतूने सकाळपासून शंभर-दीडशे जणांना टोचत राहिल्यावर शेवटच्या माणसाच्या निकालाला किती किंमत द्यायची? अनवाणी वावरलेल्या पायाच्या घट्ट्यावर तो लावला, तर संवेदना नाही असेच उत्तर येणार. कंपनाची संवेदना मोजणाऱ्या यंत्राबाबत आणखी एक अडचण आहे: ग्राइंडर सोडल्यावर काही काळ बोटांची संवेदना तात्पुरती मंदावलेली असते. त्यामुळे पाळी संपताच, फाटकाजवळच्या शेडमध्ये घेतलेले मोजमाप नसेची इजा सांगते की दिवसभराचा थकवा, हे ओळखता येत नाही.

अशा चाचणीत उत्तर कामगारालाच द्यायचे असते, हेही विसरता येत नाही. कंत्राटी मुलगा काम जाईल या भीतीने 'काही नाही साहेब, सगळं कळतंय' म्हणतो, तर नुकसानभरपाईचा दावा लावलेला माणूस उलट बोलण्याचा संभव असतो. एनसीव्हीत मनाप्रमाणे उत्तर देता येत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र ती नसेतील जाड, आवरण असलेल्या तंतूंचीच परीक्षा घेते. आग आणि वेदना वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंचा आजार तिच्या नजरेतून निसटतो, आणि 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून तळपायाची आग होणाऱ्या माणसाला ढोंगी ठरवले जाते. शिवाय नसेचा दोष सापडला, तरी तो कंपनामुळे, मधुमेहामुळे, दारूमुळे की बी-12 च्या कमतरतेमुळे, हे चाचणी सांगत नाही.

हाताची त्याच हाताशी तुलना केली, तर बरेच प्रश्न सुटतात. एकाच हातातील अंगठ्याकडची आणि करंगळीकडची नस एकाच वेळी तपासली, तर थंडी, वय आणि उंची दोघींनाही जवळपास सारखीच लागू पडते, आणि उरलेला फरक खरा मानता येतो. तसेच कामावर रुजू होताना घेतलेले मोजमाप जपून ठेवले आणि पुढच्या वर्षी त्याच पद्धतीने पुन्हा घेतले, तर माणूस स्वतःचाच मापदंड ठरतो. मात्र यात वेगाचा आकडा पुन्हापुन्हा बऱ्यापैकी सारखा येतो, तर संकेताच्या उंचीचा आकडा इलेक्ट्रोड किंचित सरकला तरी बदलतो. तेव्हा त्याच्या घसरणीवरून निष्कर्ष काढण्यापूर्वी चाचणी दुसऱ्यांदा करावी.

राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने अशा अहवालांसाठी एक साधा नमुना ठरवून द्यावा, आणि त्यात त्वचेचे तापमान, उंची, वय, वापरलेली प्रमाणके आणि चाचणीपूर्वी किती तास कंपनाचे हत्यार हातात नव्हते, हे रकाने सक्तीचे करावेत, अशी माझी विनंती आहे. अहवालाची एक प्रत कामगाराच्या हातात पडली पाहिजे, कारण ठेकेदार बदलला की आधीचे मोजमाप मागायला तो कोणाकडे जाणार, याचे उत्तर आज त्याच्याजवळ नाही.

आपला,
एक निवृत्त कारखाना वैद्यकीय अधिकारी,
कोल्हापूर