मामा, 'पूर'चं उत्तर सापडलं

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात गंगावेशीत दूध कट्ट्यावर तुम्ही माझ्या पुढं उभे होता. म्हशीची धार चालू होती, पेल्यावर फेस आला होता आणि तुम्ही शेजारच्या लहान मुलीला विचारलंत, "तळ. सांग बघू." ती म्हणाली, "पातळ." मग थांबून, "कातळ." मग गप्प. माझ्या तोंडातून आपसूक "पितळ" निघालं. तुम्ही मागं वळलात, "बरुबर" म्हणालात, दूध संपवलंत, मिशा पुसल्यात, मुलीला गाडीवर बसवलंत आणि गेलात.

ओळखलं नाहीत. ओळखणार तरी कसं? तुम्ही शेवटचं पाहिलंत तेव्हा मला दोन वेण्या होत्या. हाक मीच मारायला हवी होती, पण घशात काहीतरी अडकलं. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर, कारण तुमचा पत्ता माझ्याकडं नाही. पण निम्मा कसबा बावडा तुमच्या रिक्षातून शाळेला गेलाय. कुणीतरी वाचून दाखवेलच.

मी अथणी. कर्नाटकातल्या अथणीहून आले म्हणून तुम्ही मला गावाच्या नावानंच हाक मारायचा. १९९७च्या जूनमध्ये बाबांना कोल्हापुरातल्या साखर कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही बावड्यात राहायला आलो. तिसरीपर्यंत मी कानडी शाळेत शिकले होते, इथं चौथीत बसवलं मराठीच्या. अक्षरांचा तसा त्रास झाला नाही. क ख ग घ तिकडंही त्याच क्रमानं येतात, वळण तेवढं वेगळं. पंधरा दिवसांत वाचायला लागले. घात झाला तो शेवटच्या अक्षरानं. कानडीत शेवटचा 'अ' पुरता म्हणायचा असतो, मराठी माणूस तो गिळून टाकतो. मी 'घर' वाचायची ते 'घरऽ', 'दगड' वाचायची ते 'दगडऽ', आणि वर्गात हशा. बाईंनीही एकदा हसू दाबलं नाही. मग मी वाचणंच बंद केलं. उभं केलं की खाली बघायचं, एवढंच.

तुमच्या रिक्षात आम्ही किती मुलं होतो ते आता लिहीत नाही, तुम्हाला उगाच दंड व्हायचा. पुढं आडवी फळी, फळीवर बारकी पोरं, दप्तरं बाहेर हुकाला. आणि एक दगडी पाटी. बावड्यातून निघताना तुम्ही पाटीवर एक शब्द लिहून मागं द्यायचा. त्या शब्दाला एक अक्षर लावून नवा शब्द करायचा, पुढं लावा, मागं लावा, मधी घुसवा. काना-मात्रा हलवायची नाही. ("काना म्हंजे अक्षर न्हवं, काठी हाय ती.") अर्थ सांगता आला पाहिजे. बिंदू चौक आला की खेळ बंद, ज्याचं उत्तर राहील त्यानं दुसऱ्या दिवशी दिलं तर लिमलेटची अर्धीच गोळी.

तो दिवस तुम्हाला आठवत नसेल. पाटीवर 'मर' होतं. सगळी पोरं एकमेकांना "मर, मर" करून खिदळत होती. मी हळूच म्हटलं, "झाड." झालं, रिक्षा हसून आडवी व्हायची बाकी राहिली. तुम्ही व्हीनस कॉर्नरला रिक्षा बाजूला घेतलीत आणि मागं न बघताच म्हणालात, "दात मिटा. माझी मालकीण चिकोडीकडची हाय. तिकडं मर म्हंजे झाडच. अथणे, आता त्या झाडाला अक्षर लाव. मागं न्हवं, म्होरं."

मी पाटीवर 'अमर' लिहिलं. मागच्या सीटवरचा एक जण ओरडला, "बाद! अमर माझा भाऊ हाय, मानसाचं नाव चालत न्हाई." त्यावर दसरा चौकापर्यंत भांडण. शेवटी तुम्ही निकाल दिलात की शब्द आधी आला आणि त्याचा भाऊ नंतर. मला अख्खी गोळी मिळाली. कोल्हापुरात स्वतःच्या मिळकतीचं खाल्लेलं ते पहिलं.

उच्चाराचं काम मात्र 'नर'नं केलं. 'नर' हा तुमचा आवडता शब्द होता, कारण त्याला तिन्हीकडून दार आहे. पुढं लावलं की वानर. मधी घातलं की नजर, नगर. मागं लावलं की नरम, नरक. तुम्ही मला 'नर' आणि 'नरम' एकापुढं एक दहा वेळा म्हणायला लावलंत. 'नर' म्हणताना र पायमोडका उभा असतो, मागं म आला की तोच र ताठ होतो आणि आता म पाय मोडतो. "शेवटच्याचा पाय मोडायचा, एवढंच," तुम्ही म्हणालात. व्याकरणातलं नाव मला पुढं कितीतरी वर्षांनी कळलं, पण 'घर' मी दुसऱ्या दिवशी वर्गात नीट वाचलं. कुणी हसलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि मला तेच हवं होतं.

एक गोष्ट आम्हा सगळ्यांना जादू वाटायची. आम्ही उत्तर लिहून पाटी वर धरायचो, तुम्ही पुढच्या आरशात बघून, रिक्षा न थांबवता वाचायचा. आरशात अक्षरं उलटी दिसतात हे मला घरी आईच्या आरशापुढं पाटी धरल्यावर कळलं. मला एक शब्द लागेना. मग तुम्ही सांगितलंत की रिक्षाच्या आधी तुम्ही छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाचं अक्षर उलटंच असतं, त्यामुळं उलटं वाचणं हेच तुमचं सुलटं. ऑफसेट आलं, खिळे मोडीत गेले, तुम्ही परवाना काढलात. तिथलाच तो किस्सा, एका खानावळीच्या दरपत्रकात व च्या जागी म चा खिळा बसला आणि 'मरण-भात' छापून गेला. "गिऱ्हाईक तरीबी आलंच," तुम्ही म्हणायचा. "कोल्हापूरचं गिऱ्हाईक, त्याला वाटलं रस्सा लई तिखट आसंल."

त्या किश्श्यानंतरच 'रण' पाटीवर आलं. मराठीत याच्याइतका दुभता शब्द मला अजून सापडलेला नाही. लढाईच्या मैदानाला एक अक्षर लावलं की ताटात वरण येतं, पुरण येतं, सुरण येतं. दाराला तोरण लागतं. जंगलात हरण पळतं. "राधानगरीला काय हाय?" असं तुम्ही विचारल्यावर सगळ्यांनी एका दमात "धरण!" केलं होतं. त्या दिवशी चौदा झाले, तो रिक्षाचा विक्रम. माझ्याकडं आता वीस आहेत, मामा. स्मरण धरून. जोडाक्षर एक अक्षर धरायचं की दोन हे तुम्ही कधी स्पष्ट केलं नव्हतं, त्यामुळं मी आपल्या सोयीनं एक धरलंय.

आणि 'सळ'. कापडाची सळ. त्यातून उसळ निघाली, उसळीतून मिसळ, आणि मग कुणीतरी कुसळ-मुसळ काढलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं नि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मी कायम ऐकत आले होते, पण ती तुमच्याच खेळातली निघाली हे त्या दिवशी कळलं.

आठवीत संस्कृत घेतलं तेव्हा सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली: प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्. 'हार'ला पुढं काहीतरी जोडलं की कुठं मारामारी, कुठं जेवण, कुठं फिरणं. उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीनं दुसरीकडं ओढून नेतो, असं त्या श्लोकात म्हटलंय. सगळा वर्ग पाठ करत होता आणि मी मनात म्हणत होते, परिहार बाद, दोन अक्षरं लावली. पुढं बाणभट्टाच्या 'कादंबरी'त वाचलं की शूद्रक राजा अक्षरच्युतक, मात्राच्युतक असले खेळ खेळून वेळ घालवायचा. अक्षर गाळायचं, मात्रा गाळायची आणि अर्थ फिरवायचा. म्हणजे ७व्या शतकातल्या गोष्टीतला राजा तुमचाच खेळ उलट्या बाजूनं खेळत होता. त्याला राज्य होतं, वेळ होता. तुम्ही एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं हॉर्न सांभाळत खेळायचा. मला विचाराल तर तुमचं अवघड.

माझा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. त्यांच्याकडंही हा खेळ आहे. प्लॅनला मागं ई लावला की प्लेन, त्याला टी लावला की प्लॅनेट. चांगला आहे, पण त्यात स्वरही सुटं अक्षर असतो, काठीचा वाद नाही. वादाशिवाय मजा नाही. रात्री जेवताना मी त्याला 'गर' देते. फणसाचा गर. त्याचा जागर, जागरचं जागरण. एकेक अक्षर, दोन पायऱ्या. परवा त्यानं गरचा 'बर्गर' केला. अर्ध्या र चा हिशेब कसा लावायचा ते मला सुचेना. निकाल तुमच्यावर सोडलाय.

आता मुद्द्याचं. सातवीच्या शेवटच्या दिवशी, २००१च्या एप्रिलमध्ये, तुम्ही पाटीवर 'पूर' लिहिलं. कोल्हापूरचं पूर. कुणीतरी पूरक म्हणालं. तुम्ही म्हणालात, "त्यो झालाच. आनी एक हाय, म्होरं अक्षर लावून. वासाचा हाय." बिंदू चौक आला, उत्तर आलं नाही. जूनपासून मी सायकलनं जाऊ लागले.

ऑगस्ट २०१९. माझं सासर शाहूपुरीत, तळमजला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे आपल्या गावात पोरासोरांनाही पाठ आहे. त्या वर्षी पंचगंगा पन्नाशीही ओलांडून गेली. राधानगरीचे दरवाजे उघडले, व्हीनस कॉर्नरला होड्या फिरल्या. आम्ही नणंदेकडं गेलो. परत आलो तेव्हा भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ, गाद्या फुगलेल्या, आणि वास. तो वास कोल्हापूरकराला सांगावा लागत नाही. तीन दिवस खराट्यानं चिखल ओढला, फिनेल ओतलं, वास जाईना. सासूबाई म्हणाल्या, "प्रत्येक खोलीत कापूर लाव."

काडी हातात तशीच राहिली. का-पूर.

आमच्या घरी त्याला कर्पूर म्हणतात. आई रोज संध्याकाळी लावायची, रोज माझ्या नाकाखाली असायचा, पण कर्पूर म्हणूनच. त्या आडव्या र नं मला अठरा वर्षं अडवून धरलं. मी त्या ओल्या घरात एकटीच हसत सुटले. सासूबाईंना वाटलं, पुरानं सून गेली.

तर मामा, चौथीतल्या त्या झाडाबद्दल, पाय मोडायला शिकवल्याबद्दल, आणि हसणाऱ्यांकडं मागं वळूनसुद्धा न बघता त्यांना गप्प केल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. मालकिणींना माझा नमस्कार सांगा, कानडीत सांगितला तरी चालेल.

उत्तर उशिरा आलंय, नियम मला माहीत आहे. दूध कट्ट्यावर पुन्हा भेट झाली तर अर्धी गोळी तेवढी घेऊन या.

तुमची,
अथणी