बाबा, रविवारच्या वाचनाबद्दल

प्रिय आई-बाबा,

प्रभूत सलाम.

फोनवरच सांगणार होते, पण मला रडू आलं असतं आणि बाबांनी "बरं बरं, राहू दे" म्हणून फोन आईकडे दिला असता. म्हणून लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, तू बाबांना वाचून दाखव, पण मधलं काही गाळू नकोस.

बाबा, मी पाळकसाहेबांशी बोलले. येत्या रविवारपासून चर्चमध्ये बायबलच्या शास्त्रवाचनाला तुमचं नाव नसेल. त्यांनी ते काढलेलं नाही, मीच काढायला सांगितलं. तुम्हाला न विचारता सांगितलं, हे माझं चुकलं. पण विचारलं असतं तर तुम्ही "अजून जमतंय" म्हणाला असता आणि माझी पुढे बोलायची हिंमत झाली नसती.

मागच्या खेपेला आले होते, त्या रविवारी मी पहिल्या बाकावर होते. तुमचं बोट ओळीखालून सरकत होतं, मला वाचायला शिकवताना सरकायचं तसंच. मग ते मागे आलं. तेच वचन तुम्ही पुन्हा वाचलंत, आणि परत एकदा. मंडळी शांत बसून होती. कुणी कुजबुजलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही, हे अगदी खरं सांगते. माझं लक्ष तुमच्या पायांकडे होतं. उभं राहिलं की तुमचा रक्तदाब उतरतो, त्यात त्या दोन पायऱ्या आणि हातात ते जाड शास्त्र. तुम्ही पडला असता तर? दादाच्या वेळचं सगळं पुन्हा आईला झेपणार नाही. मलाही नाही.

पण मला खरं लागलं ते रात्री. मधल्या खोलीत तुम्ही आईला म्हणालात, "आता माझा देवाला काय उपयोग? प्रार्थनेला बसलो तरी डोळा लागतो." मी जागीच होते. तेव्हा उठून आत यायला हवं होतं, आले नाही. त्याचं उत्तर आज देते.

यशयाचा 46 वा अध्याय तुम्हीच मला पाठ करायला लावला होतात. सुरुवातीला बेल आणि नबो, बाबेलचे देव. त्यांच्या मूर्ती जनावरांच्या पाठीवर लादलेल्या आहेत आणि ती जनावरं ओझ्यानं थकली आहेत. त्याच्या पुढेच परमेश्वर म्हणतो, जन्मापासून मी तुम्हांला वाहिलं, केस पिकेपर्यंत मीच वाहीन. लहानपणी मला यातली जनावरंच तेवढी आठवायची. आता कळतं, देवाला आपण उचलून धरलंय असं वाटायला लागलं की माणूसही असाच थकतो. बाबा, इतकी वर्षं तुम्ही सेवा केलीत, पण तुमच्या सेवेवर देव कधी उभा नव्हता.

आणि झोपेचं म्हणाल तर एलिया संदेष्टा आठवा. झुडपाखाली पडून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणणारा. देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूतानं उठवून निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. त्या अन्नाच्या बळावर तो 40 दिवस आणि 40 रात्री होरेब डोंगरापर्यंत चालला. बोलणं सगळं नंतर, डोंगरावर.

कौटुंबिक प्रार्थनेत मी रोज तुमच्या मांडीवर झोपायचे ना? तुमच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीचा ठसा माझ्या गालावर उमटायचा. आई रागवायची, "आमेनपर्यंत तरी जागी राहा." तुम्ही म्हणायचात, "झोपू दे, तिचं आमेन मी म्हणतो." आणि उचलून आत न्यायचात. तुमच्या देवाला तुमच्याइतकी माया नसेल का?

आता एक लपवलेलं सांगते. नोकरी बदलली त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षं माझ्याकडून प्रार्थना होत नव्हती. देवळात जायचे, गीतं म्हणायचे, आत सगळं कोरडं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही उपास धरला असतात, म्हणून गप्प राहिले. पुन्हा मागावं लागू नये इतकं काहीतरी एकदम मिळावं, असं वाटायचं. मिळत गेलं ते रानात इस्राएलांना देवानं रोज दिलेल्या मान्न्यासारखं, माणशी एक ओमरभर माप, त्या दिवसापुरतं. कधी नुसतं एक वचन, तेही बसमध्ये. दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामी आणि पुन्हा एक. असं करत मी तगले. माझा विश्वास मोठा होता म्हणून नाही, देव देत राहिला म्हणून.

जॉर्ज म्यूलरची गोष्ट तुम्ही नेहमी सांगायचात, ब्रिस्टलला 1836 मध्ये अनाथालय काढलं आणि माणसांपुढे हात पसरला नाही, ती. त्याच माणसानं 1841 मध्ये लिहून ठेवलंय की सकाळी गुडघे टेकल्यावर कधी कधी अर्धा अर्धा तास त्याचं मन भटकत राहायचं. मग त्यानं आधी वचन वाचून मनात घोळवायला सुरुवात केली, म्हणजे आधी आपल्या जिवाला खाऊ घालायचं आणि त्यातून येईल ती प्रार्थना करायची. बाबा, तुम्हीही आता आधी जेवा. दुसऱ्यांना पुष्कळ वाढलंत.

म्हणून आता ऐका, दोघंही.

फोनमध्ये मराठी शास्त्राचं ध्वनिमुद्रण घालून ठेवलंय. आईनं फक्त हिरवं बटण दाबायचं. हातांची खुर्ची खिडकीपाशीच राहू द्या आणि रोज तिथे बसून एक स्तोत्र ऐका. मध्ये झोप लागली तर लागू द्या, पहिल्यापासून परत लावायची गरज नाही. साखरेच्या गोळ्या चालू आहेत तोवर उपास नाही, लेंटच्या उपासकाळातसुद्धा नाही, यावर वाद नको. पाळकसाहेब महिन्यातून एकदा घरी येऊन प्रभुभोजन देतील. "त्यांना कशाला त्रास" म्हणू नका. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला सांगितलंय की मंडळीच्या वडिलांना बोलाव. बोलावणं हे तुमचं काम आहे. आई, तुझा गुडघा दुखत असेल त्या रविवारी तूही घरीच थांब. प्रभू तिथे येतो.

तुमचं शास्त्र देवळातून घरी आणायला सांगितलंय. पाठीची चिकटपट्टी सुटत आलीय, मी आले की नवीन लावते. तोवर त्यावर चष्मा ठेवू नका, पानं दुमडतात.

आणि आई, रात्री प्रार्थनेत बाबांचा डोळा लागला तर उठवू नकोस. त्यांचं आमेन तू म्हण आणि पांघरूण घाल.

तुमची,
बेबी