वाढदिवसाची पुरवणी आणि विकिपीडियाचा संदर्भ

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सिडकोत राहतो, रात्री जेवणं झाली की तासभर मराठी विकिपीडियावर संपादन करतो, गेली चार वर्षं. आपल्याकडच्या एका उद्योजकाच्या लेखात ‘कार्यसम्राट’, ‘गोरगरिबांचे कैवारी’, ‘असंख्य पुरस्कारांनी सन्मानित’ असं सगळं होतं, पुरस्कार कोणता, कोणी दिला, कोणत्या साली, एक अक्षर नाही. मी विशेषणं काढली, जन्म, शिक्षण, कारखाना एवढं ठेवलं, चर्चा पानावर कारणही लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी सगळं परत होतं तिथे, आणि परत घालणारं खातं आदल्याच दिवशी उघडलेलं. असं तीनदा झालं. माझ्या भाचीने तर शाळेच्या प्रकल्पात ते ‘कैवारी’ जसंच्या तसं उतरवलं, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते कोणासाठी लिहितोय हे उघड सांगायचं असतं, २०१४ पासून विकिपीडियाच्या वापराच्या अटींतच आहे ते. पण सांगतं कोण? २०१५ साली इंग्रजी विकिपीडियावर अशी ३८१ खाती एका झटक्यात बंद करावी लागली होती.

उलटंही होतं बरं का, निवडणूक आली की विरोधकाच्या पानावर पुराव्याशिवाय आरोप टाकतात. जिवंत माणसाबद्दलचं असं बिनसंदर्भ लिखाण लगेच काढायचं असतं आणि मी तेही काढतो, माणूस मला आवडो न आवडो. तात्यासाहेब शिरवाडकरांना १९८७ चा ज्ञानपीठ मिळाला, एवढं लिहिलं की पुरतं, पुढे ‘महान’ लावायची गरजच पडत नाही.

आता तुमच्याकडे काम आहे, राग मानू नका. मी लेखात ‘संदर्भ हवा’ असं लावलं की चार दिवसांत वाढदिवसाच्या पुरवणीतलं कात्रण येतं. मजकूर कार्यकर्त्यांनीच लिहून दिलेला, पेपरवाल्यांनी काना-मात्रा न बदलता लावलेला, आणि मग ‘पेपरात छापून आलंय’ म्हणून माझ्याशीच वाद. पानावर ‘जाहिरात’ असं छापलेलं असेल तर तो संदर्भ मला बाजूला ठेवता येतो, नसेल तर दहा जणांना समजावत बसावं लागतं. म्हणून पैसे घेऊन छापलेल्या पानावर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक टाका, आणि बातमी असेल तर बातमीदाराचं नाव द्या. पुढची पुरवणी निघायच्या आत एवढं कराच.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक