पुढच्या ओपन जिमऐवजी मल्लखांब द्या

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात ओपन जिमच्या उद्घाटनाचे फोटो नेहमीच येतात, पण दोन पावसाळ्यांनी त्या जिमचं काय होते ते कोणी छापत नाही. आमच्या गावातल्या सायकलचं पायडल गेलं, बाकी मशिनींवर गोधड्या वाळतात.

आन् जिम्नॅस्टिक्सचं नाव काढलं की लोक म्हणतात त्याले हॉल लागते, फॉरेनचं सामान लागते, खेड्यातल्या पोट्ट्यांचं काम नाही. अहो, हा खेळ उभा राह्यला तोच उघड्या मैदानात! नेपोलियननं प्रशियाले, म्हणजे तेव्हाच्या जर्मन राज्याले, हरवलं, त्याची चीड मनात धरून फ्रिडरिश यान नावाच्या मास्तरनं १८११ मध्ये बर्लिनबाहेर हासेनहाइडच्या माळावर पोरं जमवले, सामान काय तर लाकडाचे बार आन् चढाले दोर. पुढं सरकारले त्यात राजकारण दिसलं, १८२० पासून १८४२ पर्यंत बंदी होती, तरी खेळ मेला नाही. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये तर दोरावर चढायचीही स्पर्धा होती, मेडल होतं त्याले. बायांच्या टीमले मात्र १९२८ पर्यंत थांबा लागलं, ते वेगळं.

आपल्याकडं जवळपास त्याच काळात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांबाले, म्हणजे आपल्या देशी जिम्नॅस्टिक्सले, नवा जीव दिला. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या लोकांनी ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनले जाऊन आपले देशी खेळ दाखवले, म्हणजे यान मास्तरच्याच गावात वऱ्हाडी पोट्टे! हे आमच्या शाळेतल्या पोरांले कोणी सांगत नाही. जिम्नॅस्ट दीपा कर्माकर २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकात व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून उडी मारायचा प्रकार) चौथी आली, तेही थोडक्यात मेडल हुकलं, ती पण त्रिपुराची आहे, मुंबई-दिल्लीची नाही.

सागवान आमच्या जिल्ह्यात आहे. गुळगुळीत केलेला एक खांब, एरंडेल तेल, सुती दोर आन् खाली जाड गादी, एवढ्यात काम सुरू होते (गादीशिवाय मात्र कोणाले चढवू नका बाप्पा). खरी अडचण शिकवणाऱ्याची. बीपीएड (शारीरिक शिक्षणाची डिग्री) झालेले कितीतरी पोरं रिकामे फिरतात, त्यातले मल्लखांब येणारे पाहून दोन-तीन झेडपी शाळा मिळून एक मास्तर ठेवला तरी भागते.

आमच्याकडं पुन्हा नव्या ओपन जिमचा प्रस्ताव आला आहे. ग्रामसभेत मी मल्लखांबाचा विषय काढणार, तुमच्या वार्ताहराले जरूर पाठवा.

एक वाचक, जि. यवतमाळ